शट डाऊन केलेल्या लॅपटॉपची बॅटरी रात्रीतून उतरते, तेव्हा चोर कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉप अडीच वर्षांचा, विंडोज ११. रात्री अकराला ८४ टक्क्यांवर शट डाऊन केला, चार्जर काढून ठेवला, सकाळी आठला सुरू केला तर ६१ टक्के. बॅटरी थकली असेल म्हणून महिन्यापूर्वी नवी बसवून घेतली, तरी रोज तेच. आता काय बदलायचं?

आत्ता काहीच बदलू नका. मी बरीच वर्षं लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो आणि या एका तक्रारीत लोकांचा सर्वांत जास्त पैसा नव्या बॅटरीवर वाया गेलेला पाहिला आहे. बॅटरीतून चार्ज गेला म्हणून गुन्हेगार बॅटरीच, असं वाटणं साहजिक आहे. पण बहुतेक वेळा ती नुसती साठवणीची टाकी असते आणि पाणी दुसऱ्याच नळातून जात असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखं होतं ते.

तुमच्याच आकड्यांपासून सुरुवात करू. बॅटरीवर तिची क्षमता वॉट-अवरमध्ये छापलेली असते. तुम्ही ती लिहिली नाहीये, म्हणून ५० धरतो. ८४ वरून ६१ म्हणजे २३ टक्के, म्हणजे साडेअकरा वॉट-अवर. नऊ तासांनी भागलं की येतो सव्वा वॉटच्या जरा वरचा आकडा. टक्के सोडून वॉटमध्ये विचार करायची सवय लावा, कारण सव्वा वॉट म्हटलं की प्रश्न एकदम स्पष्ट होतो: बंद मशीनमध्ये रात्रभर सव्वा वॉट पितंय कोण?

लिथियम-आयन सेल नुसता पडून राहिला तरी थोडा उतरतो, पण तो वेग साध्या तापमानाला महिन्याला दोन-तीन टक्क्यांच्या घरात असतो, आणि त्यात बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटचा खर्चही धरला आहे. उकाड्यात तो वाढतो, पण एका रात्रीत २३ टक्के होण्याइतका कधीच नाही. सेलच्या आत खरोखर सव्वा वॉट जळत असता, तर बॅटरी सकाळी हाताला कोमट लागली असती आणि ती तातडीने बाहेर काढण्याजोगी धोकादायक ठरली असती. शिवाय जुनी आणि नवी, दोन वेगवेगळ्या बॅटऱ्यांमध्ये नेमका तोच दोष, त्याच वेगाने? हे मला पटत नाही.

तरीही एक शक्यता आधी निकालात काढायला हवी. टक्केवारीचा आकडाच चुकीचा असेल तर? बॅटरीच्या आत एक छोटी चिप आत-बाहेर जाणाऱ्या विजेचा हिशेब ठेवते आणि त्यावरून टक्के सांगते. सेल थकले, आपापसांत असमान झाले किंवा नव्या बॅटरीतली चिप नीट जुळवलेली नसली, की हिशेब आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडतं. मग मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की चिप व्होल्टेज बघून स्वतःचा आकडा दुरुस्त करते, आणि आपल्याला वाटतं चार्ज उडाला. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. दिवसा ८०-८५ टक्क्यांवर असताना मशीन बंद करा, दहा मिनिटं थांबा, चालू करा. दहा मिनिटांतच आठ-दहा टक्के गेले, तर ती गळती नाही, हिशेबाची चूक आहे. खरी गळती वेळेच्या प्रमाणात वाढते: एका रात्रीला २३, तर शनिवार-रविवार बंद ठेवल्यावर त्याच्या कितीतरी पट. खोटी गळती दहा मिनिटांनाही तेवढीच आणि दोन दिवसांनाही जवळपास तेवढीच.

आकडा टास्कबारवरचा घेऊ नका, तो पूर्णांकात असतो. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, मग एक स्पेस, मग स्लॅशला चिकटवून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजी अक्षरांत टाइप करा. एक अहवाल तयार होतो, तो ब्राउझरमध्ये उघडा. त्यात बॅटरीची मूळ क्षमता, आजची पूर्ण क्षमता आणि प्रत्येक नोंदीपुढे उरलेला चार्ज मिलिवॉट-अवरमध्ये दिसतो. बंद करण्याआधी एकदा आणि सकाळी चालू केल्या केल्या एकदा, असे दोन अहवाल काढा. सकाळच्या आकड्यात मशीन सुरू होतानाचा खर्चही असतो. तो साधारण एखादा टक्का, तेवढा सोडून द्या. आणि हो, ‘आजची पूर्ण क्षमता’ हा आकडा वहीत लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे.

माझा कामापुरता मापदंड सांगतो. रात्रीत एक टक्का गेला तर विसरून जा, बंद लॅपटॉपही थोडा खातोच. तीन-चार टक्के जात असतील तर एखादी सेटिंग चालू राहिली आहे. दहाच्या वर गेले, तर एक तर मशीन बंदच झालेलं नाही किंवा बोर्डावर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवर (मदरबोर्डवर), काहीतरी गळतंय. तुमचे २३ या शेवटच्या गटातले.

म्हणून पुढचा प्रश्न: मशीन खरंच बंद होतं का?

‘बंद’ या शब्दाखाली तीन-चार वेगळ्या अवस्था लपलेल्या असतात. झाकण मिटलं किंवा पॉवर बटण दाबलं की बहुतेक मशीन नुसती झोपतात. नव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये ही झोपही पूर्वीसारखी गाढ नसते. जुन्या झोपेत, जिला एस-३ म्हणतात, फक्त मेमरी जागी राहायची. आताच्या ‘मॉडर्न स्टँडबाय’मध्ये मशीन मोबाइलसारखं पेंगतं: स्क्रीन काळी, पंखा गप्प, पण आतून अधूनमधून जागं होऊन मेल तपासतं, अपडेट उतरवतं. बाहेरून बघणाऱ्याला ते बंदच वाटतं. एखादा ड्रायव्हर, म्हणजे आतला एखादा भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम, त्याला नीट पेंगू देत नसेल तर एक-दोन वॉट सहज जातात, आणि तुमचा आकडा नेमका त्याच टापूतला आहे. तुम्ही शट डाऊन केलंय असं लिहिलंय, तरी खात्री करून घेऊ.

टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग सीपीयू. खाली ‘अप टाइम’ दिसेल. काल रात्री शट डाऊन करून आज सकाळी चालू केलेल्या मशीनवर तिथे काही मिनिटं किंवा तास दिसायला हवेत. चार दिवस, सहा दिवस असं काही दिसलं, तर तुमचं शट डाऊन पूर्ण शट डाऊन नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तिच्यात शट डाऊन म्हटल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जतन होतो आणि सकाळी तिथूनच उचलला जातो. म्हणून मशीन लवकर सुरू होतं आणि अप टाइमचं घड्याळही मागच्या पानावरून पुढे चालू राहतं. इव्हेंट व्ह्यूअरची ओळख असेल तर सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-बूटची २७ क्रमांकाची नोंद बघा. बूट टाइपचा शेवटचा अंक ० असेल तर पूर्ण बूट, १ असेल तर फास्ट स्टार्टअप, २ असेल तर हायबरनेशनमधून, म्हणजे सगळं चालू काम डिस्कवर जतन करून वीज तोडलेल्या अवस्थेतून, जाग.

इथे एक गैरसमज दूर करतो. फास्ट स्टार्टअपच बॅटरी खातो, असं सरसकट सांगितलं जातं. तसं नाही. त्याच्यातही मशीनची वीज हायबरनेशनसारखीच तोडली जाते, जतन केलेली माहिती डिस्कवर असते आणि डिस्कला ती सांभाळायला वीज लागत नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा एखादं यंत्र किंवा त्याचा ड्रायव्हर या अर्धवट निरोपाच्या वेळी नीट झोपत नाही. म्हणून फास्ट स्टार्टअप कायमचा बंद करण्याआधी एक रात्र चाचणी घ्या: शिफ्ट दाबून धरून शट डाऊनवर क्लिक करा. तेवढ्यापुरतं पूर्ण शट डाऊन होतं. सकाळचा आकडा सुधारला तर चोर सापडला. मग कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘पॉवर बटणांनी काय करावं’ या पानावर जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. एसएसडी असलेल्या मशीनला सुरू व्हायला त्यामुळे काही सेकंदच जास्त लागतील.

याहून कडक चाचणी मला स्वतःला जास्त आवडते, कारण तिच्यात विंडोजचा संबंधच उरत नाही. मशीन रीस्टार्ट करा, बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, पडद्यावर जा, आणि तिथूनच पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. विंडोज सुरूच झालं नाही, म्हणजे त्याने काही जागं ठेवण्याचा प्रश्न नाही. अशा रात्रीनंतरही २० टक्के गेले, तर विंडोज, ड्रायव्हर, अपडेट, व्हायरस या सगळ्यांवरचा संशय काढून टाका आणि पुन्हा विंडोज टाकण्याचा विचारही सोडून द्या. लोक इथेच दोन-दोन दिवस घालवतात.

लिनक्सवाल्यांसाठी दोन वाक्यं: ‘सिस’ फोल्डरमधल्या ‘पॉवर सप्लाय’ विभागात बॅटरीच्या नावाखाली ‘एनर्जी नाऊ’ ही फाइल उरलेला चार्ज मायक्रोवॉट-अवरमध्ये देते, काही मशीनवर तिच्याऐवजी ‘चार्ज नाऊ’ असते. नेटवर्क कार्डाची जाग ‘इथटूल’ने बंद करून बघा, बाकी चाचण्या त्याच.

विंडोज निर्दोष ठरलं की आधी बाहेरून बघा. यूएसबीला माउसचा इवलासा रिसीव्हर आहे? सी-टाइप हब लटकतोय? मेमरी कार्ड आत आहे? सगळं काढा. माझ्याकडे आलेल्या एका मशीनची मी दिवसभर सगळी तपासणी केली, काही सापडलं नाही. मग मालकाला म्हटलं, तुम्ही रात्री ज्या बॅगेत ठेवता त्याच बॅगेत, त्याच अवस्थेत आणून द्या. बॅगेची चेन उघडली तर अंधारात एक निळा ठिपका चमकत होता. एचडीएमआयचा छोटा हब मशीनलाच लावलेला, आणि त्याचा दिवा चालू. दुरुस्तीला देताना मालक तो हब काढून ठेवायचा, म्हणून माझ्या टेबलावर दोष दिसायचाच नाही. तेव्हापासून मी आधी विचारतो: रात्री मशीनला काय काय लावलेलं असतं?

तो हब जागा कसा राहिला? कारण बंद लॅपटॉपही पूर्ण मेलेला नसतो. पॉवर बटण दाबलं हे कुणाला तरी कळायला हवं, चार्जर लागला हे कळायला हवं. त्यासाठी बोर्डावर एक छोटा कंट्रोलर आणि त्याच्यापुरता ३.३ व्होल्टचा पुरवठा चालू असतो, काही मशीनमध्ये ५ व्होल्टचाही. याचा खर्च अगदी थोडा. पण बायोसमध्ये ‘बंद असतानाही यूएसबीतून चार्जिंग’ अशी सोय चालू असेल, तर यूएसबी पोर्टाची वीजही रात्रभर वाहत राहते. हिला कंपनीगणिक वेगळं नाव आहे: थिंकपॅडवर ‘ऑलवेज ऑन यूएसबी’, डेलवर ‘पॉवरशेअर’. फोन लावलेला नसला तरी पुरवठ्याचा स्वतःचा खर्च होतो, आणि हब-रिसीव्हर असेल तर तो पीत बसतो. बायोसमध्ये जाऊन ही सोय बंद करा. त्याच फेरीत ‘वेक ऑन लॅन’, झाकण उघडताच सुरू होणं, ठरावीक वेळी आपोआप सुरू होणं, हेही बंद करा. यातलं ‘वेक ऑन लॅन’ महत्त्वाचं, कारण ते चालू असलं तर नेटवर्क कार्ड बंद मशीनमध्येही जागं राहून हाक येते का ते ऐकत बसतं.

मग चार्जर काढून, मशीन बंद असताना, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. तो छोटा कंट्रोलर कधी कधी विचित्र अवस्थेत अडकतो आणि अशाने बऱ्याच मशीनमध्ये ताळ्यावर येतो. कंपनीच्या साइटवर बायोसचं नवं अपडेट असेल तर तेही करा, पण चार्जर लावून आणि मध्येच बंद न करता.

एवढं करूनही आकडा हलला नाही, तर निर्णायक चाचणी. बॅटरी बोर्डापासून तोडून एक रात्र ठेवायची. जुन्या मशीनमध्ये बॅटरी खटका सरकवून निघायची, तेव्हा हे दोन सेकंदांचं काम होतं. आता खालचं झाकण उघडावं लागतं. काही मशीनच्या बायोसमध्ये आतली बॅटरी तात्पुरती बंद करण्याचा पर्याय असतो, तो असेल तर स्क्रू खोलायची गरज नाही. पुन्हा चार्जर लावला की बॅटरी जोडली जाते, मात्र तेव्हा चार्जिंग सुरू होण्याआधी आकडा लगेच बघा. झाकण उघडणार असाल तर चार्जर काढलेला हवा, मशीन पूर्ण बंद हवं, आणि कनेक्टर वायर धरून ओढू नका. नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने दोन्ही कडा थोड्या थोड्या सरकवत बाहेर काढा. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचलला गेलेला असला किंवा झाकणाचा मधला भाग फुगीर वाटला, तर चाचणी तिथेच थांबवा. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज करायची नाही. ती जाणकाराकडून काढून घ्या.

सकाळी बॅटरी जोडून आकडा बघा. तसाच असेल तर बॅटरी निर्दोष, गळती बोर्डावर. तोडून ठेवलेली असतानाही २० टक्के उतरली, तरच दोष बॅटरीत, आणि मग ती बदलून मागा. एक चूक इथे हमखास होते: तोडलेल्या बॅटरीच्या कनेक्टरला मल्टिमीटर लावतात, शून्य व्होल्ट दिसतात आणि ‘बॅटरी मेली’ म्हणतात. अनेक बॅटऱ्या मशीनला जोडलेल्या आहेत अशी खूण मिळाल्याशिवाय बाहेर व्होल्टेज देतच नाहीत. शून्य दिसणं हा पुरावा नाही.

तुमच्या मशीनबाबत माझा अंदाज विचाराल, तर बायोसची सेटिंग नाही तर बोर्ड. दुसऱ्या शक्यतेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण दुकानात गेल्यावर काय मागायचं हे कळलं पाहिजे.

सव्वा वॉट नाहीसा होत नाही. तो बोर्डावर कुठेतरी उष्णता होऊन बाहेर पडतो. एखादा कपॅसिटर अर्धवट शॉर्ट झालेला असतो, पूर्ण शॉर्ट नाही, नाहीतर मशीन सुरूच झालं नसतं. किंवा वीज तोडणारा एखादा मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, नीट मिटत नाही. किंवा कधीतरी सांडलेलं पाणी सुकून त्याचा थर दोन टोकांमधली वाट बनतो. एका मशीनमध्ये दोन बॅटऱ्या बदलून झाल्यावर ते माझ्याकडे आलं होतं. बॅटरी तोडून ठेवली तर आकडा जसाच्या तसा, म्हणजे बोर्ड. बोर्ड काढून भिंगाखाली धरला, तर यूएसबी पोर्टामागे तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड होती आणि शेजारच्या चिपचे दोन पाय तिने जोडले होते. मालकाला काही सांडल्याचं आठवतही नव्हतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने ती जागा साफ केली, एक चिप बदलली. नंतरच्या दोन दिवसांत टक्काही हलला नाही.

तुम्ही घरी एक करू शकता. रात्रभर बंद राहिलेलं मशीन सकाळी चालू न करता उलटं करा आणि पालथ्या हाताने खालून हळूहळू चाचपा. धातूचं झाकण रात्रभरात थंडगार पडलेलं असायला हवं. एखादा तळहाताएवढा भाग बाकीच्यापेक्षा किंचित कमी गार लागला, तर त्या जागेचा फोटो काढून खूण करून ठेवा. दुरुस्ती करणाऱ्याला ती फार उपयोगी पडते. त्याच्याकडे थर्मल कॅमेरा असेल तर तो बंद बोर्डावर बॅटरी जोडून काही मिनिटांत गरम ठिपका शोधेल. नसेल तर अल्कोहोल शिंपडून ते कुठे आधी उडतं ते बघण्याची जुनी पद्धत आहे, तीही चालते, पण हे त्याचं काम आहे, तुमचं नाही.

आणि दुकानात जाऊन ‘बॅटरी लवकर उतरते’ असं सांगू नका. तसं सांगितलंत की तिसरी बॅटरी हाती पडेल. असं सांगा: ‘बायोसमधून बंद केलं तरी रात्रीत अमुक मिलिवॉट-अवर जातात, बॅटरी तोडून ठेवली तर जात नाहीत, बंद अवस्थेत बोर्ड किती करंट ओढतो ते मोजून द्या.’ निरोगी बोर्ड बंद असताना काही मिलिअँपिअर ओढेल. तीन सेलच्या बॅटरीवर तुमचा सव्वा वॉट म्हणजे शंभराच्या वर. हा फरक इतका ठळक आहे की मोजणाऱ्याला शंका उरत नाही. बोर्ड मोजायची तयारी नसलेल्याकडे मशीन ठेवू नका.

दुरुस्ती होईपर्यंत मशीन आठवडाभर नुसतं पडू देऊ नका. सव्वा वॉटच्या वेगाने भरलेली बॅटरी दीड-दोन दिवसांत तळाला जाते, आणि तिथेच पडून राहिली तर सेलचं व्होल्टेज इतकं खाली येतं की संरक्षक सर्किट तिला कायमचं कुलूप लावू शकतं. वापर नसेल तर निम्म्या चार्जवर आणून बॅटरी तोडून ठेवा.

राहिली तुमची जुनी बॅटरी. ती टाकून दिली नसेल आणि फुगलेली नसेल, तर गळती बंद झाल्यावर एकदा बसवून बघा आणि बॅटरी रिपोर्टमध्ये तिची ‘आजची पूर्ण क्षमता’ मूळ क्षमतेशी ताडून पाहा. वहीत नव्या बॅटरीचा आकडा आहेच. अडीच वर्षांत ती ८० टक्क्यांच्या आसपास असेल तर तिच्यात अजून बरीच धमक आहे, आणि नवी बॅटरी परत घेण्याची मुदत शिल्लक असेल तर तीही विचारून घ्या. बायोसमधून बंद केलेली आणि बॅटरी तोडून ठेवलेली, अशा दोन्ही रात्रींचे मिलिवॉट-अवर आणि बॅटरीवर छापलेली क्षमता लिहून पाठवलीत तर हिशेब पुन्हा करून देतो.